घरखर्चाची वही : कोणत्या पायरीचें कार्ड?

गेल्या दोन अंकांत ह्या सदरांत विमा आणि सोनें ह्यांविषयीं लिहिलें. त्यावर वाचकांचीं जीं पत्रें आलीं, त्यांत एका निराळ्याच प्रश्नाची पुनरावृत्ति फार झाली. लातूर, उदगीर, परभणी, वसमत, सगळीकडचें विचारणें साधारण एकच : "बँकेचा फोन येतो. तुमचें क्रेडिट कार्ड आम्ही वरच्या दर्जाचें करून देतों म्हणतात. घ्यावें कीं न घ्यावें?" ह्याचें उत्तर दोन परिच्छेदांत देऊन मी मोकळा झालों असतों. परंतु हाच प्रश्न गेल्या दिवाळींत आमच्याच माजघरांत उपस्थित झाला, आणि त्याचा निकाल लावतांना जें बाहेर आलें तें सांगितल्यावांचून नुसते आंकडे लिहिणें मला प्रामाणिकपणाचें वाटत नाहीं.

आमचें घर नांदेडास, जुन्या वस्तींत. मी व आमचें कुटुंब, धाकटे बंधु व भावजय, माझा मुलगा, सूनबाई, आणि बंधूंचीं दोन मुलें असा आमचा एकत्र संसार आहे. पुतण्या लातुरास एका खासगी शिकवणीवर्गांत गणित शिकवितो व सणावारीं घरीं येतो. त्याची धाकटी बहीण तेथेंच वैद्यकीय प्रवेशपरीक्षेच्या तयारीसाठीं राहिली आहे. मुलगा व पुतण्या दोघांपाशींहि कार्डें आहेत आणि दोघांनाहि तो फोन आला होता. लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशीं फराळ चालला असतां पुतण्यानें विषय काढला. "अण्णा, आतां एकच मोठें कार्ड घेऊं. सगळ्या घराचा खर्च त्यावर टाकला कीं शुल्क माफ होतें, शिवाय गुण मिळतात." सूनबाईंनीं विमानतळावरील फुकट भोजनाची आठवण दिली. बंधु म्हणाले, "मास्तर घरांत असतांना वाद कशाला? आंकडे मांडा." आणि खडू पुन्हां माझ्या हातीं आला.

क्रेडिट कार्डास 'पतपत्र' हा शब्द मीं घरांत एकदां सुचविला होता. मुलांनीं तो हंसून उडवून लावला. असो. ह्या वस्तूचा उगम अमेरिकेंतला. न्यूयॉर्क येथें १९५० सालीं निघालेल्या डायनर्स क्लबचें पहिलें कार्ड पुठ्ठ्याचें होतें. तो क्लब १९६१ सालीं आपल्या देशांत आला, आणि १९८० सालीं सेंट्रल बँकेनें आपलें कार्ड काढलें. आरंभीं भेद एकच असे : कार्ड असलेला आणि नसलेला. पुढें कार्ड पुष्कळांपाशीं झालें, तेव्हां असलेल्यांतच उच्चनीच भाव निर्माण करणें भाग पडलें. अमेरिकन एक्स्प्रेसनें १९६६ सालीं सोनेरी, १९८४ सालीं प्लॅटिनम आणि १९९९ सालीं काळें कार्ड काढलें. तेव्हांपासून प्लास्टिकाच्या तुकड्यास धातूंचीं व रत्नांचीं नांवें देण्याचा प्रघात पडला आहे. अमरकोशांत सुवर्णास जितकीं नांवें आहेत तितकीं ह्या कंपन्यांना अद्याप सुचलेलीं नाहींत, एवढेंच समाधान.

आमच्या भागांतल्या पुष्कळ घरांचीं खातीं पूर्वीच्या हैदराबाद बँकेंत होतीं. निजामी अमदानींत १९४१ सालीं निघालेली ती बँक १ एप्रिल २०१७ रोजीं स्टेट बँकेंत विलीन झाली. म्हणून उदाहरणास स्टेट बँकेच्या कार्ड-कंपनीचींच कार्डें घेतों. ही कंपनी १९९८ सालीं निघालेली व बँकेहून निराळी आहे. शाखेंतल्या कारकुनास कार्डाच्या बिलाविषयीं विचारून उपयोग नसतो. २०२४ सालच्या दरपत्रकाप्रमाणें तिच्या 'प्राइम' कार्डाचें वार्षिक शुल्क २,९९९ रुपये, 'एलिट'चें ४,९९९ आणि 'ऑरम'चें ९,९९९. ह्यावर शेंकडा १८ प्रमाणें वस्तु-सेवा कर, म्हणजे प्रत्यक्ष खिशांतून जाणार ३,५३९, ५,८९९ आणि ११,७९९. वर्षांत प्राइमवर ३ लाख, एलिटवर १० लाख व ऑरमवर १२ लाख रुपये खर्च झाले तर शुल्क माफ. एच.डी.एफ.सी. बँकेच्या रेगालिया गोल्डचें शुल्क त्याच सालीं २,५०० व माफीची मर्यादा ४ लाख, तर इन्फिनियाचें १२,५०० व मर्यादा १० लाख अशी होती. हे आंकडे कंपन्या वरचेवर बदलतात. ज्या दिवशीं घ्यावयाचें त्या दिवशींचें अटींचें पत्रक मागून घ्यावें; फोनवरील मनुष्याच्या गोड वाणीवर जाऊं नये.

आतां प्राइम आणि एलिट ह्यांत अंतर कोणतें? पहिल्या वर्षीं दोन्ही कार्डें शुल्काएवढ्याच किमतीचें कूपन देत. प्राइमचें ३,०००, एलिटचें ५,०००. त्यामुळें पहिलें वर्ष फुकट गेल्यासारखें वाटतें. दुसऱ्या वर्षीं कूपन नाहीं, शुल्क मात्र आहे. सामान्य खर्चावर दोन्हींना दर शंभर रुपयांस २ गुण, आणि ४ गुणांचा १ रुपया. म्हणजे शंभरास आठ आणे. किराणा व भोजनगृह ह्यांवर दोन्हींना १० गुण, म्हणजे अडीच रुपये. देशांतल्या विमानतळावरील विश्रांतिकक्षांत दोन्हींना तिमाहीस दोन वेळां प्रवेश. येथवर दुप्पट जवळ शुल्क देणाऱ्यास जास्त कांहींच नाहीं. एलिटचें जास्त तें असें : महिन्यास चित्रपटाचीं दोन तिकिटें, प्रत्येकीं २५० रुपयांपर्यंत. परदेशांतील खर्चावर कंपनी सामान्यतः साडेतीन टक्के अधिभार घेते, तो येथें १.९९ टक्के, म्हणजे लाखामागें सुमारें दीड हजारांची बचत. आणि वर्षाचा खर्च ३ व ४ लाखांस पोंचला कीं प्रत्येक वेळीं १०,००० गुण, ५ व ८ लाखांस पोंचला कीं प्रत्येक वेळीं १५,००० गुण. एकूण ५०,०००, म्हणजे साडेबारा हजार रुपये. प्राइमला ५ लाखांवर ७,००० चें कूपन असे.

ही पाटी मांडल्यावर मजेदार गोष्ट दिसते. ज्याचा खर्च वर्षास आठ लाख आहे त्यास एलिटवर साडेबारा हजार मिळतात. पण शुल्क वजा जातां उरतात ६,६०१. प्राइमवर शुल्क माफ आणि ७,००० चें कूपन. म्हणजे खालची पायरीच किंचित् वर! दहा लाख ओलांडल्यावर मात्र एलिटचें शुल्क माफ होतें व तें निश्चित पुढें जातें. लातुरास दाळमिलवाले आहेत, मोठे डॉक्टर आहेत, ज्यांचीं मुलें परदेशीं शिकतात व ज्यांचा खर्च दहा लाखांवर सहज जातो, अशांनीं वरची पायरी खुशाल घ्यावी. त्यांस ती परवडते आणि उपयोगीहि पडते.

परंतु आमच्या घराचें काय? वर्षाचा खर्च मोठा दिसतो. त्यांतला कार्डावर जाणारा भाग मात्र थोडा असतो. गहूं, ज्वारी, डाळी नव्या मोंढ्यांतून येतात. तेथला आडत्या कार्ड पाहून शंभरास दोन रुपये जास्त मागतो, म्हणजे अडीचांतले दोन तेथेंच गेले. दूधवाला, भांडीवाली, गुरुजींची दक्षिणा हीं कार्डाबाहेरचीं. २०२२ पासून रुपे कार्ड यूपीआयला जोडतां येतें हें खरें, पण आमच्या गल्लींतला वाणी त्यासहि नाखुष असतो. वीज, औषधें, विम्याचे हप्ते, पेट्रोल, कपडे, आगगाडीचीं तिकिटें, बाजारांतून पाकिटबंद येणारा किराणा, असें सर्व मिळून दोन्ही कार्डांचा खर्च वर्षास ३ लाख ७० हजारांच्या आंत भरला. तो एकाच प्राइमवर आणला तर शुल्क शून्य. एलिटवर ५,८९९ द्यावयाचे आणि ३ लाखांच्या टप्प्याचे २,५०० मिळावयाचे; तोटा ३,३९९. घरांतलीं माणसें वर्षांत तीन वेळां चित्रपटास गेलीं होतीं. सूनबाईंच्या आग्रहावरून त्याचे दीड हजार मीं वजा धरले, तरी १,८९९ रुपये पदरचे जातातच. शुल्काचे सहा हजार वांचविण्यासाठीं सहा लाखांचा खर्च वाढवा, असें कोणी उघड म्हणत नाहीं. परंतु त्या फोनचा अर्थ तोच असतो.

विश्रांतिकक्षाचेंहि सांगतों. लातूरचा किंवा नांदेडचा मनुष्य बहुधा आगगाडीनें जातो; देवगिरी किंवा नंदिग्राम एक्स्प्रेसच्या फलाटावर ह्या कार्डास कोणी विचारीत नाहीं. गेल्या वर्षांत आमच्या घरांतून विमानप्रवास एकच झाला, तो माझा व आमच्या कुटुंबाचा, हैदराबादहून काशीस. तिकिटें पुतण्यानें आपल्या कार्डावर काढून दिलीं होतीं. परंतु कक्षाच्या दाराशीं ज्याच्या नांवाचें कार्ड त्यालाच प्रवेश, आणि तो लातुरास फळ्यासमोर उभा. आम्ही उभयतांनीं बाहेरच्या बाकावर दशम्या सोडल्या. त्या गोड लागल्या ह्यांत शंका नाहीं.

ह्या सगळ्या हिशेबासाठीं मीं दोघांकडे बारा महिन्यांचीं बिलें मागितलीं. मुलानें तासाभरांत दिलीं. पुतण्या "मोबाइलवर आहेत, पाठवितों" म्हणाला आणि चार वेळां विसरला. चाळीस वर्षें वर्गांत काढलेल्या मनुष्यास वही घरीं राहिली म्हणणारा मुलगा ओळखूं येतो. भाऊबिजेच्या रात्रीं जेवणें झाल्यावर मी त्यास गच्चीवर घेऊन गेलों. तेव्हां त्यानें तीं बिलें मजपुढें धरलीं.

बाकी १ लाख २० हजार. सात महिने तो फक्त 'किमान देय' भरीत आला होता.

मीं एकेक ओळ वाचिली. बहिणीच्या वर्गाचा हप्ता. त्याच्या आईच्या तपासण्या. घरांत आलेलें नवें शीतकपाट, ज्याचे पैसे बंधु "पीक विकल्यावर" देणार होते. सणाचे कपडे. त्याच्या स्वतःच्या चैनीची एकहि रक्कम मला सांपडली नाहीं. आणि मार्च महिन्यांत एक मोठी ओळ होती : हैदराबाद-वाराणसी, दोन माणसें, जाऊन येऊन, व काशींतील मुक्काम, ३८,४०० रुपये. त्यांतले दहा हजार मीं त्याच्या हातीं रोख ठेविले होते. उरलेले पुढच्या निवृत्तिवेतनांतून देतों म्हणालों होतों, आणि विसरलों होतों. वाण्याच्या वहींतला चार आण्यांचा फरक शोधून काढणारा मी, पुतण्याचे अठ्ठावीस हजार चारशें रुपये आठ महिने विसरलों होतों.

"अरे, बोलला कां नाहींस?"

"तुमच्याजवळ पैसे कसे मागायचे, अण्णा? काशीला गेला होतात तुम्ही."

मोठें कार्ड त्यास कशासाठीं हवें होतें हें मला तेव्हां कळलें. पायरी वाढली कीं पतमर्यादाहि वाढेल आणि कांहीं महिने तरी उसंत मिळेल, एवढाच त्याचा हेतु होता. गुणांची व भोजनाची गोष्ट आमच्यासाठीं होती.

आतां व्याजाचा हिशेब. ह्या कार्डांवर दर सामान्यतः महिन्यास साडेतीन ते पावणेचार टक्के, म्हणजे वर्षास ४२ ते ४५ टक्के असतो. १ लाख २० हजारांवर साडेतीन टक्क्यांनीं महिन्याचें व्याज ४,२००, त्यावर १८ टक्के कर ७५६, मिळून ४,९५६. किमान देय पांच टक्के धरलें तर ६,०००. म्हणजे महिन्यास सहा हजार मोजून कर्ज फिटतें १,०४४ रुपयांचें. आणि पुष्कळांस ठाऊक नसलेली गोष्ट ही कीं, बाकी ओढली कीं नव्या खरेदीवरची बिनव्याजी मुदतहि संपते. आज घेतलेल्या साखरेवर आजपासून व्याज चढतें. वीस हजारांच्या किराण्यावर गुण मिळणार फार तर पांचशें रुपयांचे, आणि त्याच किराण्याचें एका महिन्याचें व्याज करासह ८२६. सात महिन्यांत व्याज व करापायीं त्यानें २९,००० च्या वर भरले होते. त्या काळांत मिळालेल्या गुणांची किंमत अकराशें.

आमच्या धर्मशास्त्रकारांनीं ऋणादानाचा विचार बारकाईनें केला आहे. तारण असलेल्या कर्जास महिन्यास ऐंशिवा भाग, म्हणजे शेंकडा सव्वा, असा दर याज्ञवल्क्यानें सांगितला. बिनतारणी कर्जास दोनापासून पांचापर्यंत वर्णानुसार चढता दर आहे. तो भेद आज कोणी समर्थनीय म्हणणार नाहीं, आणि कार्डाचा साडेतीनाचा दर त्या पट्टींत बसतो हेंहि कबूल केलें पाहिजे. परंतु त्यांनीं एक बांध घातला होता : एकवार दिलेल्या धनाचें सांचलेलें व्याज मुद्दलाइतकें झालें कीं थांबलें. हीच आपली दामदुपट. कार्डास असा बांध नाहीं. राष्ट्रीय ग्राहक आयोगानें २००८ सालीं वर्षास ३० टक्क्यांहून अधिक दर ही अनुचित प्रथा ठरविली होती. सर्वोच्च न्यायालयानें २० डिसेंबर २०२४ रोजीं तो निर्णय रद्द केला. रिझर्व्ह बँकेनें २०२२ च्या निदेशांत न भरलेलीं शुल्कें व कर मुद्दलांत मिळवून त्यांवर व्याज आकारण्यास मनाई केली, एवढा भाग चक्रवृद्धीच्या बाहेर राहिला.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं मीं माझी एक ठेव मोडली. तीवर मला वर्षास सात टक्के मिळत होते आणि तिकडे घरचाच मुलगा बेचाळीस भरीत होता. पुतण्या नको म्हणत होता. त्याची आई आंतून ऐकत होती, ती बाहेर येऊन एवढेंच म्हणाली, "घे रे. आमचेच आहेत ते." संबंध बाकी त्याच दिवशीं भरली. बंधूंनीं शीतकपाटाचे पैसे पीक न विकतां दिले. एक सूचना येथें करून ठेवितों : सगळी रक्कम फेडल्यावरहि पुढील बिलांत थोडें व्याज येतें. तें बिलाच्या तारखेपासून भरण्याच्या तारखेपर्यंतचें असतें. चूक समजून न भरतां राहूं नये, नाहीं तर पुन्हां तेंच चक्र.

मग पायरीचा निकाल. पुतण्याचें कार्ड आहे त्याच पायरीवर राहिलें व तें त्याच्या एकट्याच्या खर्चासाठीं. घरखर्चासाठीं मुलाचें प्राइम. घरांतल्या इतरांस त्यावर जोडकार्डें घेऊन द्यावीं असा एक विचार निघाला होता. मीं तो तूर्त थांबविला, कारण जोडकार्ड कोणाच्याहि हातीं असो, देणें मूळ धारकाचेंच. एकाच्या नांवावर सर्वांनीं खर्च टाकावयाचा आणि त्यानें संकोचानें मागावयाचें नाहीं, हें आम्हीं एकदां करून पाहिलें आहे. आतां पंचांगाशेजारीं खिळ्याला एक वही टांगली आहे. ज्याच्यासाठीं कार्ड वापरलें त्याचें नांव व रक्कम भावजयीनें लिहावयाची, आणि आठवड्याच्या आंत ती मुलाच्या खात्यांत जमा करावयाची.

ज्यांस असे फोन येतात त्यांच्यासाठीं नियमाचें सांगतों. रिझर्व्ह बँकेच्या त्याच २०२२ च्या निदेशांप्रमाणें धारकाच्या स्पष्ट संमतीवांचून कार्डाची पायरी वाढवितां येत नाहीं. तशी वाढवून शुल्क लावलें तर तें परत करून शिवाय त्याच्या दुप्पट दंड कंपनीनें द्यावयाचा. कार्ड बंद करण्याची विनंती केल्यावर, बाकी नसेल तर, कामाच्या सात दिवसांत तें बंद झालें पाहिजे. पुढें उशीर झाल्यास दिवसास ५०० रुपये धारकास मिळतात. फोनवर "हं, हं" म्हणत राहण्याची आपल्याकडे संवय आहे, ती ह्या एका ठिकाणीं सोडावी. पुतण्यास मार्गशीर्षांत पुन्हां फोन आला. त्यानें "नको" म्हटलें, आणि संध्याकाळीं मला तसें कळविलें.

वहींत पहिली ओळ भावजयीनें लिहिली ती अशी : अण्णा, रक्तदाबाचीं औषधें, ६४०. दिवे लागण्यापूर्वीं मीं ती रक्कम भरली व समोर तारीख घातली.